नऊ नंबरचे दहा कॉम्प्युटर

दहा कॉम्प्युटर ट्रकमधून उतरले तेव्हा अनारकुल एजेंनी पहिला प्रश्न विचारला तो असा, "यांच्यावर घालायला आपल्याकडे काय आहे?"

"घालायला म्हणजे?" तिलेकनं विचारलं. त्याच्या हातात वायरींचं भेंडोळं होतं आणि नजर भिंतीवर प्लग शोधत होती.

"अरे, धूळ बसेल ना! उघडे कसे ठेवायचे?"

त्या रात्रीपासून एजे शिवायला बसल्या आणि आठवड्याभरात दहा झाकणं तयार झाली. निळं कापड, कडेला लाल नक्षी. कॉम्प्युटर इतके देखणे दिसायला लागले, की त्यांना हात लावणं कुणाच्याही जिवावर यावं.

ओश शहरातलं नऊ नंबरचं वाचनालय एकवीस वर्षं एजेंच्या ताब्यात होतं; एजे म्हणजे मोठी ताई, सगळा मोहल्ला त्यांना तेच म्हणायचा. तिथल्या शेगडीजवळ बसून मोहल्ल्यातल्या दोन पिढ्यांनी पुस्तकं वाचली. त्यांतला एक कुबात. तो आता येकातेरिनबुर्गला असायचा, तिथं त्याचं फळांचं दुकान चांगलं चाललं होतं. शेजारच्या एका कार्यालयानं जुने, पण फारसे न वापरलेले कॉम्प्युटर काढले, ते त्यानं घेतले आणि थेट वाचनालयात पाठवून दिले. अट एकच घातली. शाळा सुटल्यावर मोहल्ल्यातल्या पोरांना फुकट शिकवायचं.

शिकवायला तिलेक आपणहून पुढे आला. पंचवीस वर्षांचा पोरगा, बाजारात मोबाइल दुरुस्त करायचा. सोमवार, बुधवार, शुक्रवार तो तीनलाच टपरीचं शटर ओढायचा आणि चारला वाचनालयात हजर. पगार नाही, एजेंचा चहा मात्र भरपूर, आणि पोरांच्या तोंडी 'आगाय', म्हणजे सर. फलकावर नोटीस लागली त्याच दिवशी बावीस नावं आली.

बाविसांत जाझगुल सगळ्यात आधी यायची आणि सगळ्यात शेवटी जायची. वय सोळा, आई शाळेच्या फाटकाशी समसे, खिम्याच्या भाजलेल्या करंज्या, विकायची. राजधानीतल्या एका कॉलेजात दोन फुकट जागा होत्या, राहण्याजेवण्यासकट, आणि त्यांची परीक्षा मार्चच्या शेवटी ओशमध्येच व्हायची होती. परीक्षा अगदी सोपी. समोर ठेवलेलं एक पान कॉम्प्युटरवर टाइप करायचं, चुका न करता, वेळेत, आणि जतन करायचं. जाझगुलनं कॉम्प्युटरला जन्मात हात लावलेला नव्हता. शाळेत कॉम्प्युटरची खोली होती, पण तिला कुलूप होतं. नाक्यावर इंटरनेट क्लब होता, पण आई म्हणायची, "त्या क्लबात? पोरं दिवसभर बोंबलत गोळ्या झाडत बसलेली असतात तिथं. पाऊल टाकून तर बघ!" म्हणजे जे काही व्हायचं ते नऊ नंबरमध्येच व्हायला हवं होतं.

पहिल्या सोमवारी पोरं जमली, तिलेकनं पहिलं झाकण उचललं आणि प्लग हातात घेतला. तेवढ्यात एजे दारातूनच ओरडल्या, "ठेव खाली! अजून फीत कापायची आहे!"

सगळ्यांनी वळून पाहिलं. खोलीच्या दारावर, बरोबर छातीच्या उंचीला, एजेंनी लाल फीत बांधली होती. पोरं तिच्याखालून वाकून आत आली होती.

"शुक्रवारी मेलिस सापारोविच येणार आहेत," एजे म्हणाल्या. मेलिस सापारोविच म्हणजे शहराच्या सोहळे खात्याचे प्रमुख. "ते कापतील. मग काय चालवायचं ते चालवा."

"एजे, चार दिवस आधी चालू केले तर काय बिघडणार आहे?"

"पाहुण्याच्या आधी ताटात हात घालायचा? उष्टी वस्तू दाखवायची त्यांना? उयात आहे, तिलेक! लाज!"

उयात म्हटलं की आमच्याकडे बोलणं संपतं. पोर चालायला लागायच्या आधी हा शब्द ऐकतं. आणि एजेंना तरी एकट्यांना काय दोष द्यायचा? आमच्या घराघरांत मऊ, नव्या रजया भिंतीशी पार छतापर्यंत रचून ठेवलेल्या असतात, कारण त्या पाहुण्यांच्या. घरचे लोक जन्मभर ज्यावर झोपतात त्याचा कापूस कधीच गोळा झालेला असतो. चांगलं ते सगळं पाहुण्याचं, ही गोष्ट एजे अंगात भिनवूनच मोठ्या झाल्या होत्या.

शुक्रवारी एजेंनी पहाटे उठून पातेलंभर बोर्सोक, पाहुण्यांसाठीचे फुगीर कणकेचे तुकडे, तळले. पोरं स्वच्छ कपडे घालून आली. साडेचारला फोन आला, की मेलिस सापारोविच राजधानीला गेले. बोर्सोक पोरांनी खाल्ले. पुढच्या शुक्रवारी पुन्हा बोर्सोक. त्या दिवशी साहेबांच्या मेव्हण्याकडे लग्न निघालं. तिसऱ्या शुक्रवारी त्यांना सर्दी झाली. ऑक्टोबर संपत आला तेव्हा बावीस पोरांना कॉम्प्युटर म्हणजे काय हे ठाऊक नव्हतं, पण बावीसच्या बावीस जणांचं वजन वाढलं होतं.

"एजे, आता तरी?" जाझगुल दर सोमवारी विचारायची.

"आता आलेच समज, माझ्या शिंगरा. एवढं थांबलो, आणखी आठ दिवस."

तिलेक एकदा बंड करून बसला. नोव्हेंबरमध्ये एजे बँकेत गेल्या असताना त्यानं कोपऱ्यातल्या एका कॉम्प्युटरचं झाकण काढलं, प्लग लावला, आणि बटण दाबणार एवढ्यात एजे परत आल्या, कारण बँकेत दाखवायचा पासपोर्ट विसरल्या होत्या. त्या खुर्चीवर बसल्या आणि रडायला लागल्या. "एकवीस वर्षांत या वाचनालयाकडे कुणी ढुंकून पाहिलं नाही रे. छत गळतं, सांगून सांगून थकले. आता एक माणूस येतोय, तर त्याला सांगायचं काय, की तुमच्या आधीच आम्ही उरकून घेतलं?" तिलेकनं निमूटपणे प्लग काढला. माणूस ओरडलं तर भांडता येतं. रडलं तर काय करणार?

मग त्यानं दुसरी युक्ती काढली. एका कागदावर त्यानं कीबोर्ड काढला, एकेक बटण पट्टीनं आखून, आणि त्याच्या बावीस प्रती काढल्या. केळ्यांच्या खोक्यांचे पुठ्ठे कापून त्यांवर त्या चिकटवल्या. माऊस म्हणून प्रत्येकाला एकेक अक्रोड दिला. स्क्रीन म्हणून फळा, आणि फळ्यापाशी बाविसांतलाच अदिलेत. अदिलेतचं अक्षर सुरेख होतं आणि उंचीही होती. एकानं कागदावर बोटं चालवायची, मोठ्यानं अक्षरं म्हणायची, आणि अदिलेतनं ती खडूनं फळ्यावर उमटवायची. 'जतन'चं बटण दाबलं की अदिलेत गुपचूप फळ्यावरचं सगळं वहीत उतरवून घ्यायचा. अधूनमधून तिलेक टाळी वाजवायचा आणि ओरडायचा, "वीज गेली!" की अदिलेत डस्टरनं फळा पुसायचा. जतन केलं नसेल त्याचं सगळं पाण्यात.

"आगाय, माझा माऊस बेकतूरनं खाल्ला!"

"बेकतूर!"

"मला वाटलं, बंद पडलाय, आगाय. आत काय आहे ते बघत होतो."

हसून हसून पोरं लोळायची. पण शिकलीही. डिसेंबरपर्यंत जाझगुलची बोटं कागदावर अशी धावायला लागली की अदिलेत खडू टाकून म्हणायचा, "जरा दमानं गं! मी काही यंत्र नाही." तिलेकला अभिमान वाटायचा आणि कुठंतरी खुपायचंही. पोरगी पोहायला शिकत होती, पण अंगणात, गालिच्यावर.

मधेच कुबातचा फोन आला. "एजे, फोटो पाठवा ना. पोरं शिकताना."

एजेंच्या तोंडचं पाणी पळालं. पण नाही कसं म्हणणार? त्यांनी पोरांना फितीखालून आत घेतलं, झाकणं वर केली, प्रत्येक कॉम्प्युटरसमोर दोघा-दोघांना बसवलं. "हात कीबोर्डवर धरा. वरच्या वर! टेकवू नका! अदिलेत, हसतोस काय? गंभीर दिस, शिकतोयस तू." हवेत तरंगणाऱ्या चाळीस हातांचा फोटो निघाला. संध्याकाळी कुबातनं विचारलं, "एजे, सगळ्या स्क्रीन काळ्या का दिसतायत?"

"ऊन पडलं होतं रे, बाळा," एजे म्हणाल्या. नंतर कितीतरी दिवस त्यांना हे खोटं सलत राहिलं. एकवीस वर्षांत त्या या खोलीत कुणाशी खोटं बोलल्या नव्हत्या.

जानेवारीत साहेबांकडून निरोप आला, की बर्फात उद्घाटन शोभत नाही. फेब्रुवारीत फितीचा रंग उडाला म्हणून एजेंनी नवी आणली. त्या हिवाळ्यात वीज पाळीपाळीनं जायची, एका मोहल्ल्याची दुपारी, दुसऱ्याची संध्याकाळी. नऊ नंबरचा वर्ग मात्र एकदाही बंद राहिला नाही. कागदाला वीज लागत नाही.

अखेर बारा मार्च ठरली, आणि या वेळी पक्की. जाझगुलची परीक्षा अठ्ठावीसला. मध्ये सोळा दिवस. एजेंनी तिला जवळ घेऊन सांगितलं, "फीत कापली, की पुढचे सोळा दिवस कोपऱ्यातला कॉम्प्युटर तुझा. सकाळी शाळेआधी ये, किल्ली तुझ्या हातात देते. माझा शब्द." जाझगुलनं तो दिवस वहीत लाल शाईनं लिहून ठेवला.

बारा तारखेला मेलिस सापारोविच खरोखर आले. बरोबर खात्याची मोठी व्हॅन, ड्रायव्हर, भेट म्हणून एक फुलदाणी आणि स्थानिक टीव्हीचा कॅमेरावाला. मोहल्ल्यातल्या सगळ्यात वडील आजोबांनी दोन्ही हात पसरून आशीर्वाद दिला. तबकातली कात्री साहेबांनी उचलली, फीत कापली, टाळ्या झाल्या. एजेंनी डोळे पुसले. तिलेकनं मुख्य बटण वर केलं.

काही झालं नाही. त्यानं खाली करून पुन्हा वर केलं.

"आज आपली पाळी संध्याकाळची ना?" एजे कुजबुजल्या.

"बदलली असेल, एजे."

कॅमेरा चालू, साहेब उभे, दहा कॉम्प्युटर मख्ख. तेवढ्यात तिलेकच्या तोंडून सवयीनं निघून गेलं, "वीज गेली!" आणि बावीस पोरांनी, कुणी न सांगता, दप्तरातून बावीस पुठ्ठे काढले. अदिलेत फळ्यापाशी गेला. जाझगुलनं बोटं ठेवली, आणि साहेबांच्या स्वागताचं अख्खं पान न थांबता कागदावर वाजवलं. अदिलेत लिहिता लिहिता घामाघूम झाला.

मेलिस सापारोविच थक्क झाले. खरंच झाले, त्यात काही खोटं नव्हतं. माणूस वाईट नव्हता तो, फक्त कशातलंच काही ठाऊक नसलेला होता. "वीज नाही, यंत्र नाही, खर्च नाही!" ते कॅमेऱ्याकडे वळून म्हणाले. "आणि पोरं पाहा, कशी धावतायत! हे साऱ्या शहरानं पाहायला हवं!" त्यांनी एजेंना प्रशस्तिपत्र दिलं, तिलेकचा हात दोन्ही हातांनी दाबला. मग चहा झाला, बोर्सोक झाले, आणि निघताना साहेब सहज खोलीतून फिरले. एका कॉम्प्युटरचं झाकण उचललं. बोटानं कड पुसली.

"काय कोरेकरकरीत ठेवलेत हो, एजे! एक ओरखडा नाही. आमच्या खात्यात दोन आहेत, दोन्हीची बटणं पडलीत."

आता इथं एक गोष्ट सांगायला हवी. आमच्याकडे पाहुण्यानं एखाद्या वस्तूची तारीफ केली की यजमानानं म्हणायचं, 'आवडलं ना? तुमचंच आहे, घेऊन जा.' पाहुण्यानं म्हणायचं, 'छे छे, कसं शक्य आहे!' यजमानानं पुन्हा म्हणायचं, पाहुण्यानं पुन्हा नको म्हणायचं. तिसऱ्यांदा दोघं हसतात आणि वस्तू जागच्या जागी राहते. चहाचंही तसंच. पहिल्या विचारण्याला हो म्हणणारं पोर हावरट. दोनदा नको म्हणावं, तिसऱ्यांदा पेला घ्यावा. हे आईच्या दुधाबरोबर येतं, शिकवावं लागत नाही.

एजेंच्या तोंडूनही ते आपोआप आलं. "आवडले ना? तुमचेच आहेत, साहेब. घेऊन जा."

आणि त्या दुसऱ्या फेरीची वाट पाहत, हसऱ्या चेहऱ्यानं उभ्या राहिल्या.

मेलिस सापारोविचनी हात छातीवर ठेवला. "रहमत, एजे! खूप खूप आभार! तुम्हाला यांची गरज नाही हे मी पाहिलंच. पण इतकं मोठं मन..." मग दाराकडे वळून, "जोल्दोश, गाडी मागं घे रे! फाटकाशी लाव!"

एजेंचं हसू चेहऱ्यावरच अडकलं. तिलेक त्यांच्या कानाशी आला. "एजे, बोला ना! सांगा, रीत म्हणून म्हटलं!"

"कॅमेऱ्यासमोर?" एजेंचे ओठ जेमतेम हलले. "दिलेलं परत मागू?"

"मी सांगतो."

"नको, तिलेक. उयात." आणि तिलेकनं आयुष्यात पहिल्यांदा त्या शब्दाला मनातल्या मनात शिवी दिली. पण तोही बोलला नाही. हे त्यानं पुढे कुणापासून लपवलं नाही. "मीपण गप्प राहिलो," म्हणायचा, "सगळं एजेंवर ढकलणं सोपं आहे."

पाहुणा ओझं उचलत असताना पोरांनी बघत बसायचं नसतं, म्हणून बावीस पोरांनी दहाही कॉम्प्युटर, झाकणांसकट, उचलून गाडीत चढवले. कोपऱ्यातला जाझगुलनं आणि अदिलेतनं मिळून नेला. गाडी वळली, साहेबांनी खिडकीतून हात हलवला, आणि पाचव्या मिनिटाला वीज आली. रिकाम्या खोलीतला दिवा लागला.

रात्री एजेंनी कुबातला फोन करून सगळं सांगितलं, फोटोच्या खोट्यासकट.

"एजे, पोरांनी एकदा तरी हात लावला होता का त्यांना?"

"लावला," एजे म्हणाल्या. "गाडीत चढवताना."

कुबात रागावला नाही. रागावला असता तर एजेंना बरं वाटलं असतं. तो म्हणाला, "ठीक आहे, एजे. तब्येतीला जपा," आणि फोन ठेवला.

दोन दिवस एजेंना अन्न गोड लागलं नाही. तिसऱ्या दिवशी लाजलज्जा गुंडाळून त्या सोहळे खात्यात गेल्या. सगळे नाही, एकच मागायचा. तोही परत नाही, फक्त सोळा दिवस, आता तर तेराच राहिले होते. पहिल्या मजल्यावर एक खोली होती. दारावर लाल फीत बांधलेली. फितीपलीकडे दहा कॉम्प्युटर ओळीनं मांडलेले, एजेंच्या हातची निळी झाकणं घातलेले.

टेबलाशी बसलेली बाई उठून उभी राहिली. "या, एजे! तुमच्यामुळेच हे. राजधानीतून मोठे साहेब यायचेत फीत कापायला. बहुतेक मे महिन्यात."

"मुली, कोपऱ्यातला एक... एका पोरीची परीक्षा आहे. रोज एक तास बसू दे तिला. इथंच बसेल, कुणाला दिसणारही नाही."

बाई संकोचली. "एजे, तुम्हाला मी काय सांगायचं? तुम्ही जाणत्या. पाहुण्याच्या आधी कसं...?"

बाई खोटं बोलत नव्हती. तिच्या जागी त्या असत्या तर त्यांनीही हेच म्हटलं असतं. म्हटलंही होतं, सहा महिने, याच आवाजात. फितीखालून वाकून आत जावं असं त्यांना एक क्षण वाटलं. गुडघे हललेसुद्धा. मग त्या "बरं, येते" म्हणाल्या आणि जिना उतरल्या. घरी जाईपर्यंत रस्त्यात कोण भेटलं, काय बोललं, यातलं त्यांना काही आठवत नव्हतं.

तिलेक जाझगुलच्या आईकडे जाऊन आला. "मी स्वतः तिच्याबरोबर बसतो. क्लबात एक तास, फक्त एक तास."

"बस की तू," आई समसे उलटत म्हणाली. "माझी पोरगी नाही बसायची. मोहल्ल्यात कुणी पाहिलं तर?"

मग राहिला तो कागदच. तेरा दिवस तिलेकनं टपरी अर्धा दिवस बंद ठेवली आणि पोरीकडून पानामागून पान घोटून घेतलं. अदिलेतनं खडूचा अख्खा खोका संपवला. सत्तावीस तारखेला तिलेक घड्याळ बघून म्हणाला, "बारा मिनिटं. एक चूक नाही. जाझगुल, तुला वीस मिनिटं मिळणार आहेत. यंत्र तेच आहे, बटणं तीच आहेत. फक्त फळा छोटा असेल." जाझगुल हसली. किती दिवसांनी हसली.

अठ्ठावीसला परीक्षा होती त्या इमारतीबाहेर एजे सकाळपासून बाकावर बसल्या होत्या. बरोबर थर्मास, दोन पेले. जर्दाळूला नुकता बहर आला होता आणि त्यांचं तिकडे लक्षही नव्हतं. शेजारच्या बाकावर एक परका बाप आपल्या पोरासाठी दुआ मागत होता. एजेही मागायला लागल्या, पण काय मागावं ते नीट सुचेना.

जाझगुल सगळ्यांच्या आधी बाहेर आली. एजे ताडकन उठल्या. "जमलं? बटणं जड गेली का?"

"नाही, एजे. कागदाहून हलकी होती."

"मग? पान पुरं झालं?"

"सात मिनिटं आधीच. दोनदा वाचून पाहिलं. एकही चूक नव्हती." ती बाकावर बसली आणि चपलेच्या पट्ट्याशी खेळायला लागली. "मग मी 'जतन' दाबलं."

"बरं केलंस."

"तर त्यानं विचारलं."

"कुणी?"

"कॉम्प्युटरनं. एक चौकट आली मधोमध. 'तुम्हाला हे पान जतन करायचं आहे का?' खाली दोन शब्द. हो आणि नाही." जाझगुलनं वर पाहिलं. "अदिलेत कधी विचारायचा नाही, एजे. गपचूप वहीत लिहून घ्यायचा. आपल्या कॉम्प्युटरनं मला कधी काही विचारलंच नव्हतं."

"तू काय म्हणालीस?"

"मागे परीक्षेच्या बाई उभ्या होत्या. परके लोक सगळे. एकदम हो कसं म्हणायचं?" तिचा आवाज अगदी बारीक झाला. "नाही म्हटलं. वाटलं, पुन्हा विचारेल."

एजे तिच्या शेजारी बसल्या.

"विचारलंच नाही, एजे. पान कोरं झालं. मी बाईंना सांगितलं, तर त्या म्हणाल्या, तूच नाही म्हणालीस, आता मी काय करू?"

आतून आणखी पोरं बाहेर यायला लागली, हसत, एकमेकांना ढकलत. शेजारच्या बापानं आपल्या पोराला उचलूनच घेतलं. एजेंना पोरीचं समाधान करायचं होतं. पुढच्या वर्षी पुन्हा परीक्षा असते, दोन जागा पुन्हा असतात, असं काहीबाही त्या जुळवत होत्या. पण तोंडून आलं ते वेगळंच.

"माझं चुकलं, पोरी. तुझं काही चुकलं नाही. सहा महिने दहा कॉम्प्युटर समोर होते, आणि मी त्यांना झाकणं शिवत बसले."

जाझगुलनं मान हलवली, पण ती हो म्हणून की नाही म्हणून, ते कळलं नाही. एजेंनी थर्मासचं झाकण फिरवलं. वाफ वर आली.

"चहा घेतेस?"

"हो," जाझगुल म्हणाली.

पहिल्याच विचारण्याला. एजेंचा हात क्षणभर तसाच राहिला. मग त्यांनी पेला काठोकाठ भरला आणि दोन्ही हातांनी तिच्यापुढे धरला.